मागे घेतलेल्या अर्जाचा खर्च

अब्रूनुकसानीच्या दाव्यात एका पक्षाने अर्ज केला की पूर्ण सुनावणीची गरज नाही, कागदपत्रे पाहूनच निकाल द्यावा. दुसऱ्या पक्षाने वकील लावून त्या अर्जाला उत्तर दिले. सुनावणीची तारीख जवळ आली तेव्हा अर्जदाराने अर्ज मागे घेतला. मधल्या काळात दुसऱ्या पक्षाचा जो पैसा गेला तो कोणी भरायचा? कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांताने आपल्या दिवाणी प्रक्रिया नियमांत याचे थेट उत्तर दिले आहे. नियम 37.09 सांगतो की अर्ज मागे घेतला गेला, किंवा मागे घेतला असे मानले गेले, तर ज्याच्यावर त्या अर्जाची नोटीस बजावली होती त्या पक्षाला अर्जाचा खर्च लगेच मिळण्याचा हक्क आहे. न्यायालयाने वेगळा आदेश दिला तरच यात बदल होतो.

नियम लहान आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘मागे घेतला असे मानले गेले’ म्हणजे नोटीस बजावून अर्ज न्यायालयात दाखलच केला नाही, किंवा सुनावणीला अर्जदार हजरच राहिला नाही. गप्प बसून अंग काढून घेण्याची वाट त्यामुळे बंद होते. ‘लगेच’ या शब्दाचा अर्थ असा की मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचे नाही. ज्याने अर्ज मागे घेतला तो पुढे मूळ दावा जिंकूही शकतो, पण या अर्जाचा हिशेब तोवर लांबत नाही. आणि हक्क आहे तो अर्जाच्या खर्चावर, संपूर्ण दाव्याच्या नव्हे. दावाच सोडून देणे ही निराळी गोष्ट असून तिच्यासाठी नियम 23 आहे. अर्ज गेला तरी दावा उभाच राहतो.

संक्षिप्त निकाल, म्हणजे ज्याला वकिलांच्या बोलण्यात समरी जजमेंट म्हणतात, ही प्रक्रिया मुळात चांगल्या हेतूने आली. प्रत्येक दाव्यात साक्षीपुरावे तोंडी नोंदवत बसलो तर वर्षे जातात आणि सामान्य माणसाला ते परवडत नाही. ज्या दाव्यात वादाचा खरा मुद्दाच उरलेला नाही तो शपथपत्रे, कागद आणि उलटतपासणीच्या नोंदी पाहून निकाली काढावा, ही त्यामागची कल्पना. ऑंटारिओत यासाठी नियम 20 आहे. 1 जानेवारी 2010 पासून तो पुष्कळ विस्तारला. त्याआधी न्यायाधीशाला कागदांवरून कोण खरे बोलतो हे ठरवता येत नसे. 2010 नंतर पुरावा तोलण्याचे, साक्षीदाराची विश्वासार्हता जोखण्याचे आणि पुराव्यावरून अनुमान काढण्याचे अधिकार त्याला मिळाले. गरज वाटली तर एखाद्या साक्षीदाराला बोलावून छोटी तोंडी साक्ष घेण्याचीही सोय झाली. 23 जानेवारी 2014 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ह्रिनियाक विरुद्ध मॉल्डिन’ या निकालात या अधिकारांचा मोकळेपणाने वापर करा असे सांगितले. न्याय परवडला नाही तर तो मिळालाच नाही, असा त्या निकालाचा रोख होता. त्यानंतर ऑंटारिओच्या न्यायालयांत असे अर्ज नेहमीचे झाले.

त्यातच अब्रूनुकसानीचा दावा म्हणजे या अर्जासाठी अगदी तयार जागा आहे असे वादीला वाटते. तसे वाटायला कारण आहे. 2009 च्या ‘ग्रांट विरुद्ध टोरस्टार’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने वादीने सिद्ध करायच्या गोष्टी तीनच सांगितल्या आहेत. शब्द असे हवेत की सुज्ञ माणसाच्या नजरेत वादीची पत उतरेल. ते वादीबद्दलच असले पाहिजेत. आणि ते वादीशिवाय आणखी किमान एका माणसापर्यंत पोचलेले असले पाहिजेत. एवढे झाले की शब्द खोटे आहेत आणि आपले नुकसान झाले आहे हे दोन्ही गृहीत धरले जाते. लेखी मजकूर हाताशी असेल तर या तिन्ही गोष्टी पाच मिनिटांत दाखवता येतात. मग सुनावणी कशाला, असा प्रश्न वादीला पडतो.

अडचण त्याच्या पुढे सुरू होते. तीन गोष्टी सिद्ध झाल्या की चेंडू प्रतिवादीकडे जातो आणि त्याच्याजवळ अनेक ढाली असतात. लिहिले ते खरे आहे, ही पहिली. ती खऱ्या घटनांवर आधारलेली, लोकहिताच्या विषयावरची रास्त टीका होती, ही दुसरी. ज्यांचा त्या विषयाशी संबंध आहे अशाच लोकांना कर्तव्य म्हणून कळवले, हा मर्यादित विशेषाधिकार. आणि लोकहिताची बातमी पुरेशी खातरजमा करून दिली, ही 2009 च्या त्याच निकालाने दिलेली जबाबदार प्रसिद्धीची ढाल. यातल्या रास्त टीकेला आणि मर्यादित विशेषाधिकाराला एका गोष्टीने भोक पडते. ती म्हणजे आकस. लिहिणाऱ्याच्या मनात प्रामाणिक मत होते की सूड होता, हे ठरल्याशिवाय निकाल लागत नाही. मनातला हेतू शपथपत्रात सापडत नाही. तिथे प्रत्येक जण सद्हेतूचाच असतो. तो कळतो माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून प्रश्नांना कसे सामोरे जातो त्यावरून.

शिवाय ऑंटारिओत अब्रूनुकसानीच्या दाव्यांना ज्यूरीची परंपरा आहे. 2020 पासून 2,00,000 डॉलरपर्यंतच्या दाव्यांना लागू असलेल्या सोप्या प्रक्रियेतून ज्यूरी जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हाही बदनामीचे दावे अपवाद म्हणून ठेवले गेले. शब्दांचा अर्थ गावातल्या सहा सामान्य माणसांना काय वाटला हे त्यांनीच सांगावे, असा यामागचा विचार आहे. पक्षकाराने ज्यूरी मागितलेली असेल तर एकट्या न्यायाधीशाने कागदांवरून तो प्रश्न सोडवणे अवघड होऊन बसते.

ओटावातील एका दाव्याचा प्रवास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. इंटरनेटवर राजकीय वाद घालणाऱ्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला तालिबानचा समर्थक म्हटले. 2011 मध्ये न्यायाधीशाने संक्षिप्त निकाल देऊन दावा फेटाळला. 2012 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ऑनलाइन वादविवादाला बदनामीचा कायदा कसा लावायचा हा प्रश्न नवा आहे, तो अपुऱ्या कागदांवर ठरवू नये, पूर्ण पुरावा घेऊनच ठरवावा, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. मग पूर्ण सुनावणी झाली आणि 2015 मध्ये निकाल आला: शब्द बदनामीकारक होते, पण रास्त टीका या ढालीने प्रतिवादी वाचले. दावा पुन्हा फेटाळलाच गेला. शेवट तोच झाला, फक्त तिथे पोचायला आणखी साडेतीन वर्षे लागली. जवळची वाट म्हणून धरलेला रस्ता किती लांब पडू शकतो याचे हे उदाहरण आहे, आणि असे निकाल वाचूनच अनेक वकील आपल्या अशिलाला भरलेला अर्ज काढून घ्यायला सांगतात.

अर्ज मागे घेण्याची कारणे बहुतेक वेळा अशीच असतात. उत्तरादाखल आलेल्या शपथपत्रात असे तपशील निघतात की दोघांपैकी कोण खोटे बोलतो हे ठरवणे भाग पडते. कधी उलटतपासणीत अर्जदाराचीच बाजू डळमळते. कधी वरच्या न्यायालयाचा नवा निकाल येतो आणि वारा फिरतो. कधी दाव्याचा काहीच भाग या वाटेने सुटणार असतो आणि उरलेला सुनावणीला जाणार असतो. असे तुकड्यातुकड्यांनी निकाल मागण्याला ऑंटारिओच्या अपील न्यायालयाने 2017 मध्ये ‘ब्युटेरा’ निकालात स्पष्ट नापसंती दाखवली. कारण कोणतेही असो, समोरच्या माणसाच्या दृष्टीने घडलेली गोष्ट एकच: त्याला उत्तर द्यायला लावले आणि मग उत्तराची गरज नाही असे सांगितले.

हे ‘उत्तर द्यायला लावणे’ साधे नसते. संक्षिप्त निकालाच्या अर्जाला तोंड देणाऱ्या पक्षाला आपल्या कैफियतीतल्या शब्दांवर विसंबून राहता येत नाही. नियम 20.02 प्रमाणे त्याने खऱ्या वादाचा मुद्दा आहे हे दाखवणारी ठोस वस्तुस्थिती पुराव्यासह मांडायची असते. न्यायालय असे धरून चालते की सुनावणीत मिळू शकणारा सगळा पुरावा समोर आलेला आहे. ‘तो नंतर दाखवू’ म्हणून चालत नाही. हातचे राखून ठेवणारा हरतो. म्हणून शहाणा प्रतिवादी सगळे पत्ते टाकतो आणि त्याचे बिल फुगते.

एक काल्पनिक प्रसंग घेतला तर हे जवळून दिसेल. मिसिसागा, ब्रॅम्प्टन या भागात मराठी घरे बरीच आहेत आणि जिथे मराठी घरे तिथे मंडळ असतेच. समजा अशा एका मंडळाच्या खजिनदाराबद्दल एका सभासदाने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले की गणेशोत्सवाच्या वर्गणीतला पैसा यांनी खिशात घातला. खजिनदाराने बदनामीचा दावा लावला आणि वकिलाच्या सांगण्यावरून संक्षिप्त निकालाचा अर्ज केला. मजकूर समोर होता, नाव समोर होते, दीडशे जणांनी तो वाचला होता. तिन्ही गोष्टी सिद्ध.

सभासदाचे उत्तर आले. हिशेबाच्या दोन निरनिराळ्या प्रती त्याने शपथपत्राला जोडल्या. तीन वेळा लेखी विचारणा केली, उत्तर मिळाले नाही, म्हणून वर्गणी देणाऱ्या इतर सभासदांना सांगणे माझे कामच होते, असे त्याने म्हटले. खजिनदाराचे म्हणणे वेगळे: हा माणूस मंडळाच्या निवडणुकीत पडला, त्याचा हा सूड. आता सगळा दावा आकसावर येऊन ठेपला. तो कागदावरून ठरणार नाही हे खजिनदाराच्या वकिलाला उलटतपासणीनंतर कळले आणि सुनावणीच्या चार दिवस आधी त्याने अर्ज मागे घेतल्याची नोटीस दिली.

सभासदाच्या वकिलाची वेळनोंद, समजा, अशी निघाली. अर्ज वाचणे आणि अशिलाशी बोलणे 4 तास, शपथपत्र 14 तास, त्याला जोडायचे कागद लावणे 3 तास, उलटतपासणीची तयारी आणि प्रत्यक्ष काम 11 तास, लेखी युक्तिवाद 10 तास. एकूण 42 तास. तासाचा दर 350 डॉलर धरला तर फी झाली 14,700 डॉलर. उलटतपासणीच्या नोंदीची प्रत घेण्यासाठी 900 डॉलर वेगळे. हे पैसे सभासदाने आपल्या वकिलाला द्यायचे आहेतच. प्रश्न आहे त्यातले किती खजिनदाराकडून परत मिळतील हा.

ऑंटारिओत हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, ही रीत आहे, पण सगळा खर्च क्वचितच मिळतो. भरपाईचे तीन स्तर आहेत. नेहमीचा स्तर अंशतः भरपाईचा. तो प्रत्यक्ष वाजवी फीच्या साधारण 60 टक्क्यांच्या आसपास धरला जातो. त्याच्या वर भरीव भरपाई, जी नियमांच्या व्याख्येप्रमाणे अंशतः भरपाईच्या दीडपट असते. सर्वांत वर पूर्ण भरपाई. आपल्या उदाहरणात 14,700 चे 60 टक्के म्हणजे 8,820 डॉलर. त्यावर 13 टक्के विक्रीकर 1,146.60 डॉलर. नोंदीचे 900 आणि त्यावरचा कर 117. बेरीज 10,983.60 डॉलर. भरीव भरपाई मिळाली तर फीचा आकडा 8,820 वरून 13,230 वर जाईल. खजिनदाराने नोटीस बजावल्यावर आठवडाभरातच चूक ओळखून अर्ज काढून घेतला असता तर सभासदाच्या वकिलाचे फक्त पहिले 4 तास गेले असते आणि नेहमीच्या स्तरावर फी 840 डॉलर, अधिक कर, एवढीच द्यावी लागली असती. अर्ज मागे घ्यायचा असेल तर तो कधी घेतला यावर सगळे अवलंबून असते ते असे.

पण बेरीज करून आकडा लिहिला आणि आदेश झाला, असे होत नाही. 2004 च्या ‘बाउचर’ निकालापासून ऑंटारिओची न्यायालये सांगत आली आहेत की खर्च ठरवणे हा तासांना दराने गुणण्याचा खेळ नाही. शेवटी रक्कम न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. नियम 57.01 मध्ये विचारात घ्यायच्या बाबी दिल्या आहेत: प्रकरण किती गुंतागुंतीचे होते, पक्षकारांना ते किती महत्त्वाचे होते, कोणाच्या वागण्याने काम विनाकारण लांबले, तडजोडीचे लेखी प्रस्ताव झाले होते का, आणि हरणाऱ्या पक्षाने किती खर्च पडेल अशी वाजवी अपेक्षा केली असती. शेवटच्या बाबीसाठी न्यायाधीश बहुधा अर्जदाराच्या स्वतःच्या वकिलाचे बिल मागवतात. खजिनदाराच्या वकिलाने त्याच अर्जावर 60 तास लावले असतील, तर सभासदाचे 42 तास जास्त झाले असे म्हणायला त्याला तोंड राहत नाही.

खरी ओढाताण होते ती वेगळ्याच मुद्द्यावर. त्या 42 तासांतले किती वाया गेले? दावा तर संपलेला नाही. सभासदाचे शपथपत्र लिहिताना गोळा केलेले हिशेब, तारखा, निरोप पुढे सुनावणीत लागणारच आहेत. उलटतपासणीत खजिनदाराने दिलेली उत्तरे पुढे त्याच्याच विरुद्ध वापरता येतील. म्हणून अर्जदार म्हणतो की हे काम फुकट गेलेले नाही, ते नुसते आधी झाले. त्याचा खर्च मूळ दाव्याच्या निकालाबरोबर ठरवा. हा युक्तिवाद निराधार नाही. 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे की अर्ज फसला तरी त्यासाठी जमवलेला पुरावा सुनावणी आटोपशीर करायला वापरावा.

त्याला उत्तरही तितकेच वजनदार आहे. संक्षिप्त निकालाला उत्तर देणारे शपथपत्र घाईने, सगळे पत्ते टाकून, विशिष्ट अर्जाच्या मुद्द्यांना धरून लिहिलेले असते. सुनावणीत साक्षीदार तोंडी बोलणार आहे, तिथे ते शपथपत्र वाचले जाणार नाही. लेखी युक्तिवाद तर ‘या प्रकरणात सुनावणी का हवी’ एवढ्यापुरताच असतो, आणि अर्ज गेल्यावर तो प्रश्नच उरत नाही. आणखी एक नुकसान पैशात मोजता येत नाही: सभासदाने आपला बचाव सुनावणीच्या कितीतरी आधी उघड केला आणि खजिनदाराला तयारीला वेळ मिळाला. या सगळ्याचा तोल सांभाळून न्यायाधीश एक गोल आकडा ठरवतो. आपल्या उदाहरणात 10,983.60 च्या जागी 7,500 किंवा 8,000 डॉलरचा आदेश झाला तर कोणालाही नवल वाटू नये.

‘न्यायालयाने वेगळा आदेश दिला तरच’ हे नियमातले शब्द अर्जदाराची उरलेली आशा आहेत. पण तो अपवाद आहे आणि अपवादाची गरज त्यानेच पटवायची असते. प्रतिवादीने महत्त्वाचा कागद दडवून ठेवला आणि अर्ज झाल्यावर बाहेर काढला. कागद आधी मिळाला असता तर अर्जच झाला नसता. किंवा दोघांनी मिळून सुनावणीची तारीख लवकर घेतली आणि त्याबदल्यात अर्ज सोडला. अशा ठिकाणी न्यायाधीश खर्च नाकारू शकतो किंवा पुढे ढकलू शकतो. एक युक्तिवाद मात्र सहसा चालत नाही: ‘सुनावणी झाली असती तर अर्ज मीच जिंकलो असतो.’ केवळ खर्च ठरवण्यासाठी, न झालेल्या सुनावणीचा निकाल काय लागला असता हे शोधत बसायला न्यायालये तयार नसतात. तसे केले तर मागे घेतलेल्या अर्जाचीच सुनावणी मागच्या दाराने घ्यावी लागेल.

अर्जदाराचे वागणे वाईट असेल तर भरपाईचा स्तर वर सरकतो. या बाबतीत ऑंटारिओचा कायदा एकेकाळी आजच्यापेक्षा कडक होता. 2010 पूर्वी संक्षिप्त निकालाचा अर्ज फसला तर वरच्या दराने खर्च देणे हाच नियम होता आणि अर्ज वाजवी होता हे दाखवले तरच त्यातून सुटका होती. त्या धाकाने चांगले अर्जही होत नसत. 2007 मध्ये कूल्टर ऑस्बर्न यांनी दिवाणी न्यायव्यवस्थेच्या सुधारणांबद्दल दिलेल्या अहवालानंतर हे गृहीतक काढून टाकले गेले. आताच्या नियम 20.06 प्रमाणे पक्षाने अवाजवीपणे अर्ज केला किंवा अवाजवीपणे त्याला विरोध केला, अथवा वेळ काढण्यासाठी दुष्ट हेतूने वागला, तरच भरीव भरपाईचा आदेश होऊ शकतो. अर्ज मागे घेणे हे स्वतःहून अवाजवी वागणे ठरत नाही. उलट, न टिकणारा अर्ज सोडून देणे हे जबाबदारीचे लक्षण आहे आणि न्यायाधीशही ते तसेच पाहतात. दूषण लागते ते उशिराला: हरणार हे महिनाभर आधी माहीत असून समोरच्याला लेखी युक्तिवाद तयार करू देणे आणि मग आदल्या रात्री नोटीस पाठवणे.

वकील न लावता स्वतः उत्तर देणाऱ्या माणसाचे काय? बदनामीच्या दाव्यात असे प्रतिवादी बरेच असतात, कारण एक वाक्य लिहिणाऱ्याजवळ दहा हजार डॉलर असतीलच असे नाही. 1999 च्या ‘फाँग विरुद्ध चॅन’ निकालाने स्वतः लढणाऱ्यालाही खर्च मागण्याचा मार्ग मोकळा केला. वकिलाने केले असते असे काम त्याने केले आणि त्यासाठी कमाईवर पाणी सोडले, हे त्याला दाखवावे लागते. कोर्टात बसून राहण्याचा वेळ धरला जात नाही, तो तर कुठल्याही पक्षकाराला द्यावाच लागतो. हातात पडणारी रक्कम वकिलाच्या फीपेक्षा पुष्कळ कमी असते, तरी हक्क आहे हे कळणेच अनेकांना आधार देणारे ठरते. अशा माणसाने तारीखवार वेळनोंद पहिल्या दिवसापासून वहीत ठेवावी. नंतर आठवून लिहिलेल्या तासांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

ऑंटारिओत 2015 पासून संक्षिप्त निकालाच्या शेजारी दुसरी एक वाट आहे. लोकहिताच्या विषयावर बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी दावा लावला गेला असेल तर न्यायालय कायद्याच्या कलम 137.1 खाली तो सुरुवातीलाच फेटाळून घेता येतो. असा अर्ज आला की दाव्यातल्या इतर सगळ्या पावलांना, म्हणजे संक्षिप्त निकालाच्या अर्जालाही, अपिलासह त्याचा निकाल लागेपर्यंत खीळ बसते. त्यातला खर्चाचा नियम मुद्दाम प्रतिवादीच्या बाजूने झुकवला आहे: दावा फेटाळला गेला तर त्याला सहसा पूर्ण भरपाई मिळते, आणि त्याचा अर्ज फसला तरी वादीला सहसा खर्च मिळत नाही. म्हणूनच बदनामीचे अनेक प्रतिवादी आता नियम 20 सोडून या वाटेने जातात.

इंग्लंडमध्ये, जिथून ही सारी पद्धत आली, अर्ज सोडणाऱ्याने खर्च द्यायचा ही रीत तशीच आहे. छोट्या अर्जांचा खर्च न्यायाधीश तिथल्या तिथे ठरवतो आणि तो सहसा 14 दिवसांत द्यावा लागतो. तिथे 1996 च्या बदनामी कायद्यात खास संक्षिप्त निपटाऱ्याची सोय आहे, पण त्यात नुकसानभरपाईला 10,000 पौंडांची मर्यादा आहे.

भारतात चित्र फार वेगळे आहे. संक्षिप्त निकालाचा आदेश 13-अ 2015 मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत आला, पण तो व्यापारी वादांपुरता. बदनामीचा दावा व्यापारी वादाच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे पुणे, नाशिक किंवा मडगावच्या न्यायालयात बदनामीच्या साध्या दाव्यात हा अर्जच होत नाही आणि तो मागे घेण्याचा प्रश्नही येत नाही. खर्चाचे कलम 35 आहे, पण मिळणारी रक्कम बहुधा नाममात्र असते. खोट्या किंवा त्रासदायक दाव्यासाठी कलम 35-अ खाली सामान्य दिवाणी दाव्यांत मिळू शकणारी भरपाई आजही 3,000 रुपयांच्या वर जात नाही. खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा, त्यात वकिलाची फीही धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ‘सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन’ निकालात सांगितले. वीस वर्षांनंतरही रोजच्या आदेशांत ते फारसे उतरलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ज्याला विनाकारण कोर्टात ओढले गेले त्याला इथे आपल्या खिशातूनच सुटका विकत घ्यावी लागते.

या फरकामुळेच ऑंटारिओत स्थायिक झालेल्या मराठी माणसाने इकडच्या अनुभवावरून तिकडचा अंदाज बांधू नये. तारीख पडेल, अर्ज राहील, नाहीतर काढून घेऊ, हे तिथे चालत नाही. संक्षिप्त निकालाच्या अर्जावर सही करण्याआधी वकिलाकडून दोन आकडे लेखी मागून घ्यावेत: हा अर्ज आपण आठवड्याने मागे घेतला तर किती पडेल, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी घेतला तर किती. खर्चाचा आदेश झाला की पैसे भरायला सहसा 30 दिवस मिळतात. थकलेल्या रकमेवर व्याज चढते, आणि नियम 60.12 प्रमाणे आदेश न पाळणाऱ्या वादीचा मूळ दावाच न्यायालय स्थगित करू शकते किंवा फेटाळू शकते.